तीन मापांची जास्वंद

एकनाथराव जगदाळ्यांनी तीस वर्षं सिंचन खात्यात नकाशे काढले. कालवा असो की धरणाची भिंत, त्यांच्या उजव्या हातची रेघ कधी हलली नाही. घराणं मूळचं परभणीकडचं, शेतकरी. वडील निजामाच्या अमदानीत नोकरीसाठी हैदराबादला आले आणि नारायणगुड्यात राहिले. सत्त्याण्णव साली ऑफिसात नकाशे काढणारे काँप्युटर आले, त्याच वर्षी एकनाथराव निवृत्त झाले. "बरोबर वेळेवर सुटलो," असं ते हसत सांगायचे.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, महिन्याभरात वाचाही परत आली, पाय चालू लागला. उजवा हात मात्र लोंबत राहिला.

दवाखान्यात व्यायाम करून घ्यायला अनुराधा नावाची एक तेलुगू मुलगी होती, पंचविशीची. ती समोर दोन वाट्या ठेवायची. एकीतले चिंचोके एकेक करून दुसरीत टाकायचे. एकनाथरावांना त्याचा भयंकर संताप यायचा. एकदा त्यांनी डाव्या हाताने वाटीच भिरकावली. अनुराधाने खाली वाकून सगळे चिंचोके वेचले, वाटी पुन्हा समोर ठेवली आणि म्हणाली, "हाथ रूठा है अंकल. मनाना पडता."

घरी आल्यावर एकनाथराव बायकोला म्हणाले, "मालन, त्या पोरीवर मी ओरडलो गं. आपल्या प्रियापेक्षाही लहान आहे ती."

प्रिया म्हणजे त्यांची मुलगी प्रियदर्शिनी. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून ती न्यू जर्सीला असायची. डिसेंबरात ती आली ती एक खोकं घेऊन. त्यात रंगीत मातीच्या वड्या होत्या. "पॉलिमर क्ले म्हणतात बाबा. कणकेसारखी मळायची आणि मंद ओव्हनमध्ये भाजायची, की प्लास्टिकसारखी टणक होते. डॉक्टर मळायला सांगतात ना? मग हीच मळा."

सोबत एक चित्रांचं पुस्तक होतं. पानं उलटता उलटता एकनाथराव एका चित्रापाशी थांबले. रंगीत मातीच्या पट्ट्या आणि वळ्या एकमेकींना चिकटवून एक जाड कांडी केली होती. ती कुठेही कापली तरी प्रत्येक चकतीवर तेच फूल. शिवाय कांडी दाबून, वळून बारीक केली की आतलं फूलही तेवढंच बारीक होत जायचं.

"हा तर आडवा छेद आहे!" एकनाथराव म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांनी आलेखाचा कागद मागितला. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी, त्यांनी त्यावर जास्वंद काढली: पाच पाकळ्या, पाकळीत काळपट शिरा, मध्ये पिवळा ठिपका, भोवती हिरवं.

पहिली कांडी करायला नऊ दिवसांच्या सकाळी लागल्या, कारण ऊन चढलं की माती लिबलिबीत व्हायची. लाल थर, त्यावर कागदासारखा पातळ काळा थर, पुन्हा लाल. कांडी उभी राहिली तेव्हा मनगटाएवढी होती. मग त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून वळली, टोक कापलं, आणि त्यांचा चेहरा पडला. फूल एका अंगाला चेपलं होतं. डावा हात धडधाकट, उजवा दुबळा; सगळा जोर एकीकडेच गेला होता.

मालनबाई ती कांडी पिशवीत घालून त्यांना रिक्षाने लाडबाजारात घेऊन गेल्या. तिथे हलीमाबी लाखेच्या बांगड्या वळायच्या. मालनबाई वीस वर्षं त्यांच्याकडूनच बांगड्या घेत आल्या होत्या. हलीमाबींनी कांडी उलटसुलट करून पाहिली, मग एकनाथरावांचे हात पाहिले.

"इत्ता जोर कायकू लगाते भाईसाब? जो हाथ कमजोर है, उसके हिसाब से दबाओ. दूसरा हाथ बस साथ देना." आणि त्यांनी लाखेचा लांबट गोळा लाकडी पाटीखाली हलकेच फिरवून दाखवला. बाजारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तासभर त्यांनी एकनाथरावांकडून तसं करून घेतलं.

दुसरी कांडी फेब्रुवारीत झाली. दाबायची, थोडी फिरवायची, पुन्हा दाबायची. उजवा हात जेवढा रेटेल तेवढंच. तास दोन तास फ्रिजमध्ये ठेवून, पात्याने टोक कापलं. आत जास्वंद होती. पाचही पाकळ्या सारख्या, शिरा केसासारख्या. मालनबाईंनी ती खिडकीशी नेली आणि पदराने डोळे पुसले.

आता हिचं करायचं काय? प्रियाने फोनवर सांगितलं, कानातले करा, इकडे लोक उड्या मारतील. मालनबाईंना वाटत होतं, तशीच कपाटात ठेवावी. "कापली की संपली हो." एकनाथरावांनाही कापवेना. चार दिवस कांडी फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी पडून राहिली.

पाचव्या दिवशी ते दवाखान्यात गेले, तर एक गृहस्थ तिथे चिंचोक्यांवर चिडले होते आणि अनुराधा जमिनीवरून चिंचोके वेचत होती.

घरी येताच त्यांनी कांडीचे तीन तुकडे केले. एक तसाच जाड ठेवला. दुसरा रुपयाएवढा होईतो वळला. तिसरा वळत वळत हरभऱ्याएवढा केला, तरी आतली जास्वंद शाबूत. मग तिन्हींच्या चकत्या कापून मालनबाईंच्या केकच्या गोल ओव्हनमध्ये भाजल्या. चिंचोक्यांऐवजी आधी मोठी उचलायची, बोटं सुधारली की मधली, मग लहान.

दवाखान्यात तीन मापांच्या तीन बरण्या पाहून अनुराधाने एकीचं झाकण उघडलं आणि मूठभर चकत्या तळहातावर घेतल्या. "इत्ते सारे? आपने बनाए? इस हाथ से?"

"इसी हाथ से. तुमने मनाया ना उसको," एकनाथराव म्हणाले. "मैंने वाटी फेकी थी, माफ करना बेटा."

"कौनसी वाटी?" ती म्हणाली. "मेरेकू याद नहीं."

तेवढ्यात एका तेलुगू आजीबाईंना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. महिनाभर त्या व्यायामाला हात लावत नव्हत्या, तोंड भिंतीकडे फिरवून बसायच्या. अनुराधाने त्यांच्यासमोर मोठ्या चकत्यांची बरणी ओतली. आजी पाहत राहिल्या. मग त्यांचा हात पुढे आला. चकती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा चिमटीत आली. ती डोळ्यांजवळ नेऊन आजी म्हणाल्या, "मंदारम."

एकनाथरावांना जास्वंदीचं तेलुगू नाव ठाऊक होतं. "अवुनम्मा," ते म्हणाले, "हो, मंदारमच आहे," आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.