घातपाताचा मानही त्यालाच

आम्ही दोघांनी एकाच फुटपाथवर शेजारीशेजारी चादरी विकायला सुरुवात केली. पुढं त्यानं शुक्रवार पेठेत दुमजली दुकान थाटलं, पांढरी गाडी घेतली. मी त्याच्या समोर एका शटरच्या गाळ्यात राहिलो. गिऱ्हाईक माझ्याशी तासभर घासाघीस करायचं आणि चादर त्याच्याकडून घ्यायचं. ते मला कधी पचलं नाही, आणि भर बाजारात त्याला बोलल्याशिवाय मी राहिलोही नाही.

मोडनिंबजवळ त्याची गाडी रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. तो जागीच गेला. लोक मातीहून परतायच्या आत पेठेत कुजबुज सुरू झाली, की ब्रेक कुणीतरी सैल केले होते.

माझा थोरला भाऊ त्याच रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून मेला होता. तेव्हा हीच माणसं म्हणाली, डुलकी लागली असेल. विषय संपला. लहान माणूस आपल्या चुकीनं मरतो, मोठ्याला मारायला वैरी लागतो. मेल्यावरही त्याचाच भाव वर होता.

मग वैरी कोण, तर मी. चहाच्या गाड्यावर एकानं डिवचलंच, "काय शेठ, गॅरेजचं काम कवा शिकला?"

"शिकलो असतो तर पहिली तुझी स्कूटर धरली असती की!"

सगळे हसले. पण त्या दिवसापासून जुनी गिऱ्हाइकंही माझ्या पायरीवरून मागं फिरू लागली.

शेवटी त्या गेलेल्याचा मेव्हणा माझ्या गाळ्यात आला. "घरी चला. खंडोबाम्होरं बेलभंडारा उचला, मी काय केलं न्हाय म्हणून."

"उचलतो. मग तू पेठेत सगळ्यांदेखत माझे पाय धरायचे."

"पाय न्हाय. हात जोडतो."

"ठरलं."

त्यांच्या देवघरापुढं ताटलीत बेल आणि भंडारा मांडलेला होता. मी हात पुढं केला, तोच गेलेल्याची बायको आतून आली.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी." मग ती भावाकडं वळली. "ह्यांनीच सांगितलं हुतं मला. त्यो लई जळतो, तोंडावर शिव्या देतो, पर मागनं वार करायचा न्हाय."

मेव्हण्यानं मान खाली घातली. मी सुटलो होतो, आणि तेही त्याच्या शब्दावर. आयुष्यभर मला मागं टाकणाऱ्याकडून आता चांगुलपणाचा दाखलाही घ्यायचा? माझं डोकं तडकलं.

"वहिनी, माझ्यासाठी मी बोलीन," म्हणालो, आणि बेलभंडारा उचलला. रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात शपथ घेतली.

मेव्हण्यानं तिथंच हात जोडले.

"हितं नाही," मी म्हणालो. "पेठेत ठरलंय."

त्यानं बहिणीकडं पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "जा. बोललायस न्हवं?"

त्यानं चपला घातल्या आणि तो माझ्यापुढं चालू लागला.