ड्रॉवरमधली एक सिगारेट

छातीच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन समोरच्या खुर्चीत बसतात. मिस्ड कॉल देण्याचे दिवस होते ते. भाईंदर पूर्वेला आमचा दवाखाना. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्यांची डॉक्टर कॅन्सरसाठी तपासणी करायचे आणि सिगारेट सोडवायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच आठवड्यात इंद्रलोक वसाहतीतल्या एका साहेबांचा स्कॅन स्वच्छ आला. थोड्या वेळाने खिडकीतून बघते, तर स्वारी गेटपाशी धूर काढतेय! वरूनच हटकलं, तर हसून म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट क्लिअर आहे ना? सेलिब्रेशन!"

मी कपाळाला हात लावला. तेव्हापासून नियम केला: रिपोर्ट हवा, तर आधी खिशातलं सिगारेटचं पाकीट नावाची चिठ्ठी लावून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकायचं.

एका बँकवाल्यांनी पाकीट खिशातच ठेवलं, दिली फक्त माचिस. म्हणाले, सिगारेट काही सुटणार नाही, पण लोकांकडे काडी मागायची मला भयंकर लाज वाटते. महिनाभरात सुटली की! माझं सगळं समुपदेशन फुकट गेलं.

पूनम सागर वसाहतीतल्या एक बाई घरात शोधून नवऱ्याची तीन पाकिटं आणून देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी नवरा हजर. मला वाटलं, आता भांडणार. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "तिसरं तिला कुठे सापडलं?"

पाटीलकाकांचं मात्र सगळंच वेगळं. इथल्या मूळ गावातले, उमेदीची वर्षं मिठागरात गेलेली. त्यांच्या फुप्फुसात एक डाग दिसला होता. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, तोवर एकही ओढायची नाही. काकांच्या पाकिटात एकच उरली होती. ती ठेवून गेले आणि दर सोमवारी यायला लागले.

"पोरी, माझी हाय ना?"

मी ड्रॉवर उघडून दाखवायचे. काका बघायचे, मान डोलवायचे आणि निघून जायचे. नुसतं बघून माणसाचं कसं भागतं, याचं मला भारी कुतूहल वाटायचं.

पावसाळ्यात ड्रॉवरला बुरशी आली आणि मी सगळी पाकिटं फेकून दिली. सोमवारी काका आले. ड्रॉवर रिकामा! दुसऱ्या स्कॅनला आठवडाच उरला होता. मी चूक कबूल केली. काका उठले, रस्ता ओलांडून पानाच्या टपरीवर गेले आणि एक सिगारेट घेतली. सिगारेट पेटवायला टपरीवर टांगलेला धुमसता दोर त्यांच्या हाताशीच लटकत होता. मला खिडकीतून पुढे बघवेना.

पाच मिनिटांनी काका जिना चढून आले. सिगारेट माझ्या टेबलावर ठेवली.

"चिट्टी लाव," म्हणाले, "आनि ही तरी नीट सांभाल."