महाशिराची ओटी

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. सासुरवाडीत फजिती कुणाची होत नाही हो? पण भर दिवसा, डोक्यावर घंगाळ घेऊन, पुढे डफ वाजतोय आणि मागे अख्खा गाव चाललाय, अशी फजिती विधात्यानं माझ्याच कपाळी लिहिली होती!

तेव्हा मी नवापूरच्या स्टेशनात मालबाबू होतो. नोकरी नवी, लग्नही नवंच. आमची शेवंता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली ती तिकडेच राहिली. दिवस गेले होते ना! पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. इकडे मला काही करमेना. आषाढात रजा मिळाली आणि मी निघालो. नंदुरबारपर्यंत आगगाडी, पुढे सासऱ्यांची बैलांची दमणी आणि शेवटी नावेतून तापी ओलांडून सासुरवाडी, प्रकाशा.

सोबत काय नेलं असेल? शेवंतासाठी पातळ? छे! विलायती गळ! एका गोऱ्या ड्रायव्हरनं मायदेशी परतताना तो मला दिला होता. पितळी चक्री, लांबलचक काठी, नुसता हातात धरला तरी माणूस साहेब वाटावा. नवापूरच्या रंगावली नदीत त्यावर मी बोटाएवढे मासे धरले होते, आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा शिकारी समजत होतो.

प्रकाशाला गोमाई तापीला मिळते. पावसाचा जोर ओसरला होता. तापी अजून चहासारखी गढूळ, पण गोमाईचं पाणी निवळत आलेलं. सकाळी जाऊन बघतो तर काय! उथळ पाण्यात, गोट्यांवरून मोठमोठे महाशीर मासे उड्या मारत वर चढतायत. आणि काठावर एक जाळं नाही की एक गळ नाही! मी मनात म्हटलं, काय आळशी गाव आहे हो हे!

मी गळ टाकला आणि थोड्याच वेळात मासा लागला! ओढाताणीत मी एकदा पाण्यात बसलो, एकदा आडवा पडलो, पण सोडला नाही. चांगला हातभर लांब, सोनेरी खवल्यांचा महाशीर! शेवंतानं जिवंत बघावा म्हणून येतानाच सासूबाईंचं घंगाळ न विचारता उचलून आणलं होतं. त्यात पाणी घातलं, मासा ठेवला, आणि सोबत आलेल्या सासऱ्यांच्या सालदार गड्याला एक कान धरायला लावून थाटात अंगणात आलो. सालदार वाटभर खालमानेनं चालला होता. मला वाटलं, ओझं फार झालंय.

"आत्याबाई, मसाला वाटा! आज आखाडाची मेजवानी!"

सासूबाई बाहेर आल्या, घंगाळात डोकावल्या आणि मटकन खाली बसल्या.

"ओ माय व! हाई काय करं, जवाईबापू?"

"मासा धरला."

"ह्या दिसमा मासा गोमाईमा चढस तो बाळंतपणले! माहेरवाशीन शे ती! आमना गावमा तिले कोणी हात बी लावत नही. आनि घरमा तुमनीच बायको पोटुशी शे! पोटुशीना नवरानी जीव मारू नये, इतलं बी माहित नही का?"

झालं! माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेवंताला काही झालं तर? माझ्या त्या पितळी चक्रीपायी? दारात शेवंता उभी होती, तोंडात पदराचा बोळा, खांदे गदगदा हलतायत. रडतेय बिचारी! माझ्या डोळ्यांतही टचकन पाणी आलं.

तेवढ्यात सासरे, म्हणजे नाना, ओट्यावरून उतरले. वाकून माशाला निरखून बघितलं, मिशीवरून हात फिरवला.

"जित्ता शे ना? मंग जाई सोडी या. पन जवाईबापूनीच."

मी घंगाळ उचलणार तोच सासूबाई कडाडल्या, "थांबा! लेक आशी रिकामी धाडतस का? ओटी भरानी!"

अहो, भरली! खण आला, तांदूळ आले, नारळ आला. माशाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. आता माशाचं कपाळ नेमकं कुठं असतं? सासूबाई डोळ्यांच्या मधोमध धरून चालल्या. शेजारणी जमल्या, त्यांच्यात शेवंताही. कुणीतरी डफ आणला. माझ्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घंगाळ, खांद्यावर ओटीचं गाठोडं, आणि निघाली वरात!

नदी तशी जवळच, पण त्या दिवशी ती काही केल्या येईना. मासा शेपटी आपटतोय, पाणी माझ्या कानात, नाकात, सदऱ्यात. पाणी कमी झालं की सासूबाई मागून कळशी उपडी करायच्या. अर्धं घंगाळात, अर्धं माझ्यावर. मध्येच त्यांनी मला खाली वाकवून आत डोकावलं आणि किंकाळी फोडली. घंगाळातलं पाणी पांढरंफटक झालं होतं!

"ओ माय! कळा सुरू व्हयन्यात! पळा, जवाईबापू, पळा!"

आणि मी पळालो हो! डोक्यावर बाळंतीण घेऊन, गोट्यांवरून ठेचकाळत, "आलंच, आलंच, जरा कळ काढ" असं त्या माशाला सांगत पळालो. मागे गाव हसतंय की रडतंय, बघायला वेळ कुणाला?

गोमाईत कमरेएवढा शिरलो. मासा दोन्ही हातांत अलगद धरला, तोंड धारेकडे केलं. काही वेळ तो नुसताच कल्ले हलवत राहिला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाई, चुकलो. सुखरूप बाळंत हो, आणि माझ्या शेवंतालाही सुखरूप ठेव." त्यानं माझ्या थोबाडीत सणसणीत शेपटी हाणली आणि गेला! ओटी मागोमाग पाण्यात सोडली. मी काठावर आलो आणि आडवाच झालो.

संध्याकाळी ठेचांना हळद लावता लावता शेवंता हळूच म्हणाली, "एक सांगू? तो नर व्हता."

"काय?"

"पांढरं पानी नरनं राहस. मादीना पोटमा पिवळी गाभोळी राहस. एक मादी वर चढनी का तिन्हा मांगे चार उतावळे नर पळतस. गळले बी तेच लागतस."

"मग तू रडत का होतीस?"

"रडू कथं? हसू दाबी ऱ्हायंती!"

"आणि नाना?"

"नानांस्ले समजनं व्हतं. आख्खा गावले समजनं व्हतं. माय बिगर नदीना कोरडा गावनी, तिले अन् तुम्हले तेवढं नही."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिनं हळदीचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच ठेवला. "माले दखनं व्हतं, पोटुशी बाईकरता तुम्ही कितला पळतस ते."

आता यावर माणसानं रागवावं तरी कसं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. माझ्या गुडघ्याला हळद लागली, एवढाच फरक.

गणपती गेले आणि शेवंता सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, तिच्यासारखीच खोडकर. गळ मी स्टेशनातल्या दुसऱ्या बाबूला देऊन टाकला. पण प्रकाशा विसरेल तर शपथ! अजून तापी ओलांडताना नावाडी वल्हं थांबवून अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "जवाईबापू, त्या बाळंतपणनं पुढे काय व्हयनं?"

मी तोंड उघडायच्या आत शेवंता लेकीला मांडीवर घेऊन, माझ्याकडे बोट करत, भरल्या नावेत सांगते, "मासा सुखरूप शे, भाऊ. कळा यास्लेच उन्यात!"