लूम थांबले आणि आक्का गेली

आमच्या घरी रोज संध्याकाळी पंधरा-वीस माणसं टीव्ही बघायला येतात, असं मी मुलाला सांगितलं होतं. त्यातला टीव्ही खरा आहे.

सांगावं लागलं. आमचा प्रसाद बेंगळुरूला चौदाव्या मजल्यावर राहतो. सुमन, म्हणजे त्याची आई, गेल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता : बाबा, कामतघरचं घर बंद करा आणि इकडे या, तिथे एकटे काय करता? आता चौदाव्या मजल्यावर तरी मी काय करणार? तिथून माणसं मुंगीएवढी दिसतात, आणि मुंग्या काय आमच्या मोरीतही आहेत. म्हणून मी फोनवर माणसं जमवायला लागलो. आधी शेजारचे दोघे आणले. मग त्यांच्या बायका. मग एका बायकोच्या माहेरचे पाहुणे आले आणि मला थांबवेना. एकदा तर फोनवर बोलता बोलता रिकाम्या सोफ्याकडे बघून म्हणालो, "अरे, सरकून बसा की जरा." (सोफा सरकला नाही. तो माझं ऐकत नाही.)

पोरगा पडला इंजिनिअर. त्याला वाटलं, एवढी माणसं आणि टीव्हीचा आवाज चिमणीसारखा! आठवड्याभरात दारात खोकं हजर. होम थिएटरचा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि कोपऱ्यात ठेवायला पिठाच्या डब्याएवढा एक सबवूफर. सोबत फर्मान : रविवारी दुपारी चारला व्हिडिओ कॉल करतो, सगळ्यांना बसलेलं बघायचंय. नाही दिसले, तर दिवाळीनंतर येऊन तुमचं सामान बांधतो. हे त्याने हसत सांगितलं. हसत सांगतो ते तो करतोच, आईवर गेलाय.

रविवारी सकाळीच मी जोडणीला बसलो. अख्खं आयुष्य मी कापडाचे लूम चालवले, ताण्याचे हजारो धागे डोळे मिटून ओवले, पण त्या रिसीव्हरच्या पाठीवरची भोकं बघून घाम फुटला. एवढी भोकं आमच्या गल्लीतल्या रस्त्यालाही नाहीत, आणि तो रस्ता बघायला लांबून माणसं येतात. दुपार झाली तेव्हा सगळ्या वायरी कुठे ना कुठे खुपसून झाल्या होत्या आणि आश्चर्य म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर अक्षरं आली. यंत्राचं म्हणणं असं, की सोबतचा माइक ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवा, खोलीत पूर्ण शांतता राखा, मी आवाज सोडून खोली मोजतो. मग त्याने विचारलं, ऐकणाऱ्यांच्या जागा किती? एकपासून आठपर्यंत आकडे. माझं बोट एकवर जाऊन थबकलं. मग म्हटलं, पोराला वीस सांगितलेत, यंत्राला आठ सांगायला काय जातंय? आठ दाबलं आणि मंडपवाल्याला फोन करून पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या. निदान कॉलमध्ये खुर्च्या तरी दिसतील. माणसं आत्ताच चहाला उठली, असं सांगता येईल.

पण शांतता कुठून मागवणार? आमच्या भिंतीला भिंत लावून रफिकभाईंचा कारखाना. त्यांचे लूम असे खडखडतात, की आमच्या गल्लीत लोक गुपितंसुद्धा ओरडून सांगतात. यंत्र एकदा "ट्यूं" करायचं, लूम ऐकायचं आणि पडद्यावर लिहायचं : आवाज फार आहे, पुन्हा प्रयत्न करा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिफ्ट बदलली तरी आमच्याकडे लूम थांबत नाहीत. मुद्दाम थांबवतात ते फक्त शेजारी मयत झाल्यावर. सुमनच्या वेळी रफिकभाईंनी दिवसभर बंद ठेवले होते. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझं डोकं वायरींत होतं.

मी कारखान्याच्या दारात गेलो. कोणाकडे काही मागायची सवय सुटलेली, त्यामुळे आवाज जरा कापलाच. म्हटलं, "रफिकभाई, घंटाभर लूम बंद रखोगे क्या? घर में शांती चाहिए."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या दारात हातगाडीवरून उतरणाऱ्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"बस, नाना. आगे कुछ मत बोलो," ते म्हणाले आणि मेन स्विच खाली ओढला.

पुढचा हिशोब मला नंतर कळला. नाना तर समोर उभे, मग गेलं कोण? अंजूरची आक्का! माझी थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, दर दिवाळीला "पुढची दिवाळी मी काय बघत न्हाय" असं जाहीर करून करंजीला हात घालणारी. लूम थांबल्यावर गल्लीने आक्काला एकमताने पोचवली.

मला यातलं काही माहीत नाही. मी पहिल्या खुर्चीवर माइक लावतोय, तर दारात रफिकभाई. मागोमाग अख्खी गल्ली, हळूहळू, मान खाली घालून. माझा आनंद गगनात मावेना. होम थिएटरची बातमी फुटली म्हणायची! मी ओठांवर बोट ठेवलं, खुर्च्या दाखवल्या. एवढी शहाणी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. यंत्राने "ट्यूं" केलं की सगळ्यांच्या माना त्या स्पीकरकडे वळायच्या आणि हात जोडले जायचे. डावीकडे नमस्कार, उजवीकडे नमस्कार. सबवूफरने "धम्म" केलं तेव्हा मागच्या एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

मग मी माइकचं स्टँड रफिकभाईंच्या पुढ्यात ठेवलं. माइक पुढे आला म्हटल्यावर ते उठले, घसा खाकरला.

"बहुत नेक औरत थी," ते म्हणाले. "ईद को खाडी की मछली भेजती थी. वैसी मछली फिर नहीं खाई."

मला वाटलं, सुमनबद्दल बोलतायत. मासे आक्का पाठवायची, पण ते घरोघर वाटायची सुमन. आमच्या घरात तिचं नाव निघून किती दिवस झाले होते! मला त्यांना गप्प करवेना. पडदा ओरडत राहिला, आवाज फार आहे, आवाज फार आहे, आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिलो. गल्लीला ते बरोबरच वाटलं.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि दारात आक्का उभी. तिच्यापर्यंतही बातमी पोचली होती : नानाच्या घरी खुर्च्या आल्यात, लूम थांबलेत. त्या घरात माणूस एकच, त्यामुळे आक्काला फार विचार करावा लागला नाही.

"माजा भाव गेला गोऽऽ!"

जिच्यासाठी गल्ली जमली तीच छाती पिटत आत आली, हे बघून रफिकभाई माइकसकट खाली बसले.

"आक्का, मी हाय गं," मी म्हटलं.

"तू गप रं," आक्का म्हणाली. "अंजूरपासून रिक्षात बसून आयलीय. आधी मना रडू दे."

आणि फोन वाजला. चार वाजले होते. मी धडपडत बटण दाबलं आणि फोन सगळ्या खोलीवरून फिरवला. प्रसादने माणसं मोजून घेतली.

"बाबा, एवढी माणसं रोज येतात?"

"आज जरा कमी आहेत."

"आत्या का रडतेय?"

"पिक्चर तसा आहे."

"बरं वाटलं, बाबा," तो म्हणाला. "मी उगाच काळजी करत होतो. राहा तिथेच."

फोन ठेवल्यावर मी गल्लीला खरं काय ते सांगितलं. खुर्च्या अंगावर येतील असं वाटलं होतं. पण मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून काकूंनी आधीच पिठलं-भाकरी करून आणली होती, आणि ती परत नेणं कोणालाच बरं दिसेना. मग सगळे जेवले. तोंडं भरलेली होती तेवढ्यात यंत्राने मोजणी पुरी केली, आणि एक मारामारीचा पिक्चर लावला. आक्का पुढच्या खुर्चीत बसून आपल्याबद्दल कोण काय बोललं ते पुन्हा पुन्हा विचारत होती. पिक्चर संपेपर्यंत रफिकभाईंनी लूम चालू केले नाहीत. नंतर आक्का रिक्षाने गेली, गल्ली आपापल्या घरी गेली आणि मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला.

तर मी जिंकलो. बेंगळुरूचं नाव प्रसाद आता काढत नाही. रोज फोनही करत नाही. बाबांकडे संध्याकाळी माणसं असतात, उगाच मध्ये कशाला, असा त्याचा समजूतदारपणा!

मी एकटाच रिसीव्हर लावून बसतो. त्याने खोली मोजली ती माणसांनी खच्चून भरलेली असताना, त्यामुळे रिकाम्या घरात आवाज भिंतींवर आपटून परत माझ्याच अंगावर येतो. यंत्राच्याही हे लक्षात आलं असावं. अधूनमधून पडद्यावर विचारतं, पुन्हा मोजणी करू का? मी "नाही" दाबतो. पुन्हा मोजलं तर खोलीत एकच माणूस निघेल, आणि इथे आठ जण बसतात ही माझी थाप खरी मानणारं घरात तेवढंच एक आहे.