ऋताची मक्याची व्हिस्की

माझी भाची ऋता अमेरिकेत, केंटकीत, दारू गाळते. हे मी सरळ सांगते, कारण इथे उत्तरेत, आमच्या दूधविनायकाच्या मराठी गल्लीत माझा थोरला भाऊ वेणीमाधव इतकी वर्षं ‘मुलगी केमिकल कंपनीत आहे’ असंच सांगत आलाय. पूजापाठावर चालणारं घर, दुसरं काय सांगणार! पोरीला ते लागायचं. “आत्या, बाबांनी एकदा तरी चारचौघांत माझं काम सांगावं,” म्हणायची.

कंपनी कसली, ती आणि तिची अमेरिकन भागीदार, दोघींचाच कारभार. शेजारच्या शेतातला जुन्या वाणाचा लाल मका आणायचा, भरडून आंबवायचा, तांब्याच्या भांड्यात गाळायचा आणि आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवायचा. आपल्याकडचे शौकीन पहिल्या धारेची म्हणून मिशीला पीळ देतात. ही बया पहिली धार चक्क फेकून देते! शेवटचीही बाजूला काढते. ठेवायची ती मधली, आणि ती कधी सुरू झाली हे ऋता वासावरून ओळखते. मला तर बाई तिचा फार अभिमान वाटतो.

हे नाक आमच्या वहिनीनं घडवलं. नैवेद्याचा स्वयंपाक देवाआधी चाखायचा नाही, म्हणून मीठ वासावरून जोखायला तिनं लेकीला लहानपणीच शिकवलं. वहिनी आता नाही. यंदा गणपतीला ऋता आली आणि सगळा स्वयंपाक तिनंच सोवळ्यात केला. आमटीवर वाकून तिनं वास घेतला, चिमूटभर मीठ टाकलं. दादा दारात उभा राहून बघत होता.

“वहाँ भी असंच करतेस?”

“असंच, बाबा. नंतर चाखतेही, खोटं कशाला सांगू? पण ठरवते नाकानंच.”

दादा पूजेला गेला.

दुपारी पंगत बसली. दादाचे जुने स्नेही ढुंढिराजशास्त्री आमटीवर बेहद्द खूश झाले. “वाह! बिटिया अमेरिकेत करते काय?”

ऋता पळी हातात धरून थबकली. मी देवाचा धावा केला.

“व्हिस्की बनवते,” दादा म्हणाला. “मक्याची. अच्छी बनाती है.”

शास्त्रीबुवांचा घास हातातच राहिला. “आणि तिच्या हातचं आम्हाला वाढलंत, वेणीमाधवजी?” म्हणत ते पानावरून उठलेच. पंगतीत एक उठला की बाकीच्यांनी हात आखडायचा, हा आमच्याकडचा नियम. दादानं तो जन्मभर पाळला, त्यापायी लोकांच्या घरून अर्धपोटीही परतला. बाकीची मंडळीही उठली. ऋताचे डोळे भरले. ती आत जायला वळली.

रिकाम्या पंगतीत दादा एकटाच मांडी घालून बसला होता. त्यानं भाताला आळं केलं.

“ऋते, चाललीस कुठे? आमटी वाढ.”