पाठवणीच्या गाडीला मेण

डॉक्टरांच्या गाडीवर मला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत मी कुणाला घाबरलो नसेन एवढा त्या गाडीच्या रंगाला घाबरलो. गाडी नवीकोरी, गडद मरून. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला डॉक्टरांनी एका ओरखड्यापायी घरी बसवलं होतं, हे सांगलीत भेटेल तो माणूस मला आवर्जून सांगायचा. लोकांनाही काय हौस असते!

त्यातच धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. लग्न आमच्या गावात, पलूसजवळ, आणि सासर साताऱ्याला. तिनं एकच मागितलं, "दादा, मला सासरी सोडायला तूच गाडी चालवायची." आता गाडी माझ्या बापाची थोडीच होती? तरी घसा खाकरत डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ने की. पण ऐक. गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्यानं अशीच गाडी लग्नाला दिली. फुलांची चिकटपट्टी काढताना रंगाचा टवका निघाला. माझ्या गाडीचं तसं झालं, तर पुन्हा कामाला येऊ नकोस." आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

फुलं नकोतच, असं मी घरी म्हणून बघितलं. आई म्हणाली, "बिनफुलाच्या गाडीतनं पोरगी काय दवाखान्यात चाललीय व्हय रं?" झालं, विषय संपला.

मग मी असं डोकं चालवलं, की रंगावर आधी कशाचा तरी थर द्यायचा, म्हणजे पट्टीचा डिंक रंगाला लागणारच नाही. सांगलीत गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तीन वस्तू पुढ्यात मांडल्या. पहिला डबा मी उचलला तसा तो ओरडला, "ते न्हवं! ते जुन्या गाडीला घासायचं. नव्या गाडीचा रंग खरवडून काढंल." माझा हात चटका बसल्यासारखा मागं आला. दुसऱ्या चपट्या डबीत घट्ट मेण होतं. "चमक लय येती, पण मे महिन्याच्या उन्हात लवकर उतरतं." तिसरी बाटली, आत दुधासारखं काहीतरी. "ह्यात मेण न्हाई, रसायन हाय. थर कडक बसतो, सहा म्हैने हलत न्हाई."

मी अर्धा तास तिथं उभा. मेण वितळलं तर? रसायनानं रंग पांढरा पडला तर? "गड्या, गाडीला लावायचंय, पोटात घ्यायचं न्हाई," दुकानदार वैतागला. शेवटी घाबरट माणूस करतो तेच मी केलं. दोन्ही घेतलं.

आधी डिकीच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही तिथं, बोटभर लावून एक दिवस वाट बघितली. काही झालं नाही. मग गाडी सावलीत लावून आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं गोल गोल फिरवत खाली रसायन दिलं आणि वर मेणाचे दोन हात. धुरकट वाळलं की पुसायचं. बॉनेटमध्ये माझ्या शर्टाची बटणं मोजता येत होती.

लग्नादिवशी फुलवाला आला. पट्टी लावायचा, दाबायचा, हात काढला की पट्टी सुटायची. "काय तेल वतलंय का रं हिच्यावर?" मी पुढची पट्टी कापून दिली. शिव्या घालत, पट्टीवर पट्टी मारत त्यानं कशीबशी गाडी सजवली.

दुपारी चारला निघालो. मागं बहीण, नवरदेव आणि पाठराखीण म्हणून मावशी. नवरदेव दमलेला, पंधरा मिनिटांत घोरायला लागला. कराड सोडून हायवेला लागलो आणि वाऱ्यानं पहिली माळ उचलली. पट्टीबरोबर रंग तर नाही आला? मग गुलाब गेले, मग झेंडू. "आरं थांब, फुलं चालली!" मावशी ओरडली. मी थांबलो नाही. खरं सांगतो, एकेक पट्टी सुटत होती तसं मला हायसं वाटत होतं. ही गेली, रंग शाबूत. ती गेली, रंग शाबूत. साताऱ्यात पोचलो तेव्हा बॉनेट रिकामं होतं. सासरच्या बायका गाडीकडं बघून एकमेकींच्या कानाला लागल्या. बहीण मान खाली घालून उतरली. मी मात्र बॉनेटवरून हात फिरवत होतो.

सोमवारी डॉक्टरांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "काय लावलंस हिला?" मी सांगितलं. "चांगलं केलंस. आता दर सहा महिन्यांनी लावत जा." म्हणजे सहा महिने तरी नोकरी पक्की! त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आठ दिवसांनी बहिणीला माहेरी आणायला एसटीनं गेलो. येताना एसटीतच तिला सगळं सांगितलं, थोडं फुशारकीनंच. "रंगाला काय झालं न्हाई बघ. पर त्या दिवशी लय भ्या वाटलं मला."

"मलाबी," ती म्हणाली.

"फुलं पडली म्हणून?"

"फुलांचं काय घिऊन बसलास? त्या मानसाला मी त्याआदी दोनदाच बघितलं हुतं. हातपाय गार पडलं हुतं माजं. म्हणून तर तुला चालवाय मागितलं. आरशातनं तरी एकदा माज्याकडं बघशील, म्हणून साताऱ्यापातूर तुज्या मानंकडं बघत बसले हुते, दादा."