कॉपी करून मिळणार नाही

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सोनवणे काकांची डीव्हीडी पहिल्यांदा माझ्या कॉम्प्युटरमध्ये गेली, तेव्हा ती व्यवस्थित चालत होती.

श्रीरामपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग करतो, जुन्या कॅसेट, डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. काका बेलापूरचे, साखर कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी शांताकाकू महिला मंडळात भीमगीतं म्हणायच्या. मंडळाच्या बायकांनी वर्गणी काढून एकदा शूटिंग करून घेतलं होतं. काकू गेल्या आणि त्यांचा आवाज तेवढ्या एका डीव्हीडीत राहिला.

काकांना दोन कॉप्या हव्या होत्या, दोन लेकींसाठी. मी लावून पाहिली. काकूंनी घसा साफ केला, पेटीवाल्या बाईंकडे बघून हसल्या आणि गायला लागल्या. काका स्टुलावर बसून मान हलवत होते.

मग मी कव्हर पाहिलं. खाली छापलं होतं, कॉपी करणे कायद्याने गुन्हा आहे.

पूर्वी पिक्चरच्या कॉप्या मीही विकल्यात. शेजारच्या दुकानावर धाड पडली, त्या दिवशी सगळा माल पोत्यात भरून कालव्यात टाकला आणि भिंतीवर पाटी लावली, 'कॉपी करून मिळणार नाही.' भीती मात्र गेली नाही; कव्हरवर तशी ओळ दिसली की मी कामच घेत नव्हतो.

"काका, हे जमणार नाही. कायदा आहे."

"आवो भाऊ, बाई माझी, डीव्हीडी माझी. मंग गुन्हा कुनाचा?"

मी पाटीकडे बोट केलं. काकांनी डीव्हीडी रुमालात गुंडाळली, जय भीम म्हणाले आणि गेले.

त्या छापील ओळीत किती दम असतो, हे मला ठाऊक होतं. आम्ही शूटिंगवाले ती लग्नाच्या प्रत्येक कव्हरवर टाकायचो, जादा कॉपीसाठी गिऱ्हाइकाने आपल्याकडेच यावं म्हणून. नंतर एका वकील गिऱ्हाइकाला विचारलं. ते म्हणाले, कंपनीच्या पिक्चरची गोष्ट वेगळी, तिथे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं लॉक तोडण्याचाही प्रश्न येतो. पण पैसे देऊन करून घेतलेल्या शूटिंगचा हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याचा. म्हणजे मंडळाच्या बायकांचा. त्यांना एक शब्द विचारला असता तरी काम झालं असतं.

काकांना फोन करायला हवा होता. आज करू, उद्या करू म्हणताना लग्नसराई आली.

वर्षभराने काका स्वतःच आले. डीव्हीडी अडकत होती. अशा रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीत रंगाचा पातळ थर असतो, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. ऊन लागलं, वय झालं की तो विटतो. हिची कड तपकिरी पडली होती. दोन दिवस सॉफ्टवेअर चालवलं. एवढ्या गाण्यांतलं सव्वा गाणं हाती आलं.

काकांनी डीव्हीडीच्या तपकिरी कडेवरून बोट फिरवलं.

"मीच घालवली. सांजच्याला रोज लावायचो. पोरी म्हनायच्या, आबा, झिजंल ती. म्या ऐकलं न्हाई."

मी म्हणालो, "जुनं सामान आहे काका. चालायचंच."

डीव्हीडीला वाजवताना काहीच टेकत नाही, नुसता प्रकाश पडतो. रोज दहादा लावली तरी ती झिजत नाही. हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण मग काकांनी विचारलं असतं, कशानं गेली? आणि मागच्या वर्षी आणली तेव्हा चांगली होती ना?

पुढच्या आठवड्यात ते पिशवीभर पेरू घेऊन आले. लई उपकार झाले म्हणाले. त्या सव्वा गाण्याचे मी तीन पेन ड्राइव्ह करून दिले होते, त्यातले दोन लेकींना पोचले होते. स्वतःचा मात्र आता फक्त पौर्णिमेला लावतात, हेही झिजू नये म्हणून.

आता मी कुणाचीही डिस्क चालते आहे तोवरच, ज्यांचा हक्क त्यांना विचारून, कॉपी करून घेतो. धंद्यापुरता धडा एवढाच.

काकांचं देणं वेगळं आहे. तुमच्या ऐकण्यानं काही झिजलं नाही, रोज लावा, हे त्यांना सांगायचं राहिलंय. आणि बाकीची गाणी माझ्यामुळे गेली, हेही.